वर्ग का बंद केलेत?

"ताई, आंबवण्याचे वर्ग परत कधी?" फोंड्याच्या बाजारात हातात मासळीची पिशवी असताना विचारता, लग्नाच्या पंगतीत विचारता, परवा तर एकीने मर्तिकाच्या घरी विचारलं. दोन वर्षं मी "वेळ मिळत नाही हो" म्हणतेय. समोरच्या घरातल्यांना मी दुपारी किती वाजता झोपते तेही ठाऊक आहे, त्यामुळे हे कारण कुणाला पटत नाही. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते.

माझं पिवळं पत्रक आठवतंय? 'पोटातले मित्र'. त्यात मेचनिकॉफ हा शास्त्रज्ञ होता, दही खाऊन दीर्घायुषी झालेले बल्गेरियातले शेतकरी होते, आणि '१९०८ चे नोबेल विजेते' हे शब्द ठळक छापले होते. नोबेल मिळालं होतं ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामाला. मला हे ठाऊक होतं. वाक्य मी असं रचलं की वाचणारीने आपणहून गैरसमज करून घ्यावा. रोज आंबट दूध पिणारा तो माणूस स्वतः ७१ व्या वर्षी गेला, ते छापलं नाही.

आणि सान्नां! माडाच्या सुरेने (ताडीने) फुगवलेली, तांदळाची इडलीसारखी सान्नां म्हणजे आपल्या गोव्याचं प्रोबायोटिक, असं मी छातीठोकपणे सांगायचे. अहो, वाफवल्यावर आत जिवंत काय राहणार? प्रोबायोटिक म्हणजे जिवंत सूक्ष्मजीव, तेही पुरेशा संख्येने आणि शरीराला फायदा करणारे. सान्नां मऊ लागतात, चव येते, बस. एका मुलीने वर्गात हेच विचारलं होतं. मी हसून तिला गप्प केलं. ती हे वाचत असेल तर, बाई गं, तुझं बरोबर होतं.

पण वर्ग एवढ्यावरून बंद झाले नाहीत. चुका काढून नवं पत्रक छापता आलं असतं.

बाबा तेव्हा ७६ चे. दाढेला गळू झालं, दंतवैद्याने क्लिंडामायसिन दिलं. पाच दिवसांत दाढ शांत. पुढच्या आठवड्यात जुलाब सुरू झाले. मी घाबरले नाही. खरं सांगते, थोडा हुरूपच आला. अँटिबायोटिकने पोटातली वस्ती उठवली, आता आपण ती पुन्हा वसवायची. हे तर माझ्या पत्रकाचं तिसरं पान! सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि ताक, दुपारी दहीभात, रात्री नाचणीची आंबील, शिवाय औषधाच्या दुकानातली प्रोबायोटिकची पुडी दोन वेळा. पुडीवर अब्जांचा आकडा. दिवसाला सहा वेळा होत होतं, मग दहा. मी सगळं वहीत लिहीत होते, पुढे वर्गात दाखवायला. चौथ्या दिवशी भाऊ म्हणाला, डॉक्टरकडे नेऊया. मी म्हटलं, "जिवाणूंना थोडा वेळ दे." पाचव्या दिवशी वासच वेगळा येऊ लागला, पोटाला हात लावला की बाबा कण्हायचे, अंगात ताप. सहाव्या रात्री शिगमोची, म्हणजे आमच्या शिमग्याची, मिरवणूक होती. ढोल घरात ऐकू येत होते. रोमटामेळ, म्हणजे ढोल वाजवत नाचत जाणारा मेळ, चुकवणारा माणूस नव्हे तो, पण उठला नाही. मी हाक मारली तर त्यांनी मला आत्याच्या नावाने ओ दिली.

रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरणीने पहिलंच विचारलं, गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक घेतलंय? माझ्या वहीत ते कुठेच नव्हतं. शौचाच्या तपासणीत क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलचं विष सापडलं. आतड्यातली नेहमीची वस्ती विरळ झाली की हा जंतू माजतो आणि त्याचं विष आतड्याचं अस्तर जाळतं. त्याला दह्याने उतार पडत नाही. तोंडावाटे व्हॅन्कोमायसिन द्यावं लागलं, म्हणजे पुन्हा अँटिबायोटिकच. अंगातलं पाणी इतकं गेलं होतं की क्रिएटिनिन चढलेलं, म्हणजे मूत्रपिंडांवर ताण आलेला. अकरा दिवस तिथे काढले. त्या जंतूचे बीजाणू सॅनिटायझरला दाद देत नाहीत, साबण-पाणीच लागतं, हेही मी तिथेच शिकले. स्वच्छतेवर भाषणं देणारी मी.

बाबा घरी आले, चालतात-फिरतात. मूत्रपिंडं मात्र पहिल्यासारखी राहिली नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, पुडीने काय वाईट केलं? काही नाही. पुडीने मला सहा दिवस निश्चिंत ठेवलं, एवढंच.

आणि जिथे मी अडते ते हे. २०२० च्या अमेरिकी पोटविकारतज्ज्ञांच्या सूचनांमध्ये, अँटिबायोटिक चालू असतानाच प्रोबायोटिकचे काही ठरावीक वाण द्यायला, नेमक्या ह्याच संसर्गापासून बचाव म्हणून, सशर्त होकार आहे. पुरावा दुबळा आहे असं त्यांनीच म्हटलंय. मग मी पुडी पहिल्या गोळीबरोबरच दिली असती तर? रात्री हे डोक्यात येतं. लगेच २०१३ ची 'लॅन्सेट'मधली ब्रिटनची चाचणी आठवते. पासष्टीच्या पुढचे जवळपास तीन हजार रुग्ण, प्रोबायोटिकने फरक दिसला नाही. २०१८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत तर दिसलं की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांची मूळ वस्ती परतायला उलट उशीरच लागला. लहान अभ्यास, तोही निरोगी माणसांवर. हे सगळं एका बरणीत घालून मी तुम्हाला काय आंबवून दाखवू?

चेपणीची तोरां, म्हणजे मिठात मुरवलेल्या कैऱ्या, अजून करते, जिभेला आवडतात म्हणून. दहीही रोज लावते. बाबा वाटी पुढे करून विचारतात, "तुझे जंतू जेवले काय गो?" पत्रकांचा उरलेला गठ्ठा माळ्यावर आहे. टाकवत नाही.

मागच्या महिन्यात शेजारची सून धावत आली. सासूला तीन दिवस जुलाब. मी विचारायला लागले, अँटिबायोटिक घेतलं होतं का, कधी, ताप आहे का, लघवी होतेय का. ती वैतागली. "ताई, दही द्यायचं की नाही तेवढं सांगा."

"दे," म्हटलं. "आणि रिक्षा बोलाव."