आलिशान सेडान विकून जुनी सिव्हिक घेतली त्याची गोष्ट

सकाळी खाली आलो आणि लांबूनच दिसलं की गाडी परत बसलीये. पुढचं डावं चाक फेंडरमध्ये अर्धं आत गेलेलं आणि बाकीचे तीन कोपरे उंच. एअर सस्पेन्शनवाल्यांना, म्हणजे ज्यांची गाडी स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी असते त्यांना, हे दृश्य चांगलं माहिती असेल. चालू केली की कॉम्प्रेसर घुर्रर्र करत हवा भरायचा, मिनिटभरात गाडी सरळ व्हायची आणि मी निघायचो, पण दिवसभर डोक्यात एकच, की संध्याकाळी परत येताना मध्येच कुठे बसली तर काय करायचं.

मेकॅनिकनं बाटलीतून साबणाचं पाणी मारून दाखवलं. रबरच्या बेलोला, म्हणजे त्या हवेच्या फुग्याला, घडी पडते ना, तिथे बारीक बारीक बुडबुडे येत होते, इतके बारीक की वाकून बघावं लागलं. तो म्हणाला, "हे एवढंसं गळतंय म्हणून थांबू नका, कारण गळतीमुळे कॉम्प्रेसर सारखा चालतोय आणि तोच जळेल." आणि तसंच झालं, पार्ट यायच्या आत कॉम्प्रेसर गेला. त्यानंतर गाडी पाच आठवडे जॅकवर. त्याच्या आधी कूलंटची प्लास्टिक फिटिंग तडकलेली, त्याच्या आधी दाराचं आपोआप ओढून घेणारं मोटारवालं लॉक. एकेक गोष्ट वेगळी बघितली तर गाडी नऊ वर्षांची झाली, होणारच, असं म्हणता येतं. पण मला राग दुरुस्तीचा कधी आला नाही. राग यायचा तो याचा की एवढं सगळं सांभाळून गाडी चालवायला बसलो तरी मजा येत नव्हती.

आता हे नीट सांगतो, कारण गाडी वाईट नव्हती हो. खराब रस्त्यावर ती जे करायची ते मी दुसऱ्या कुठल्या गाडीत अनुभवलेलं नाही. खड्डा दिसायचा, आपण दात आवळून धरायचो आणि नुसता एक मऊ आवाज यायचा, बस. दुहेरी काचांमुळे आत इतकं शांत की मागे बसलेले बाबा कुजबुजले तरी ऐकू यायचं. लांबच्या प्रवासात सगळे झोपायचे. सगळे म्हणजे जवळजवळ मीसुद्धा, आणि खरा प्रश्न तिथेच होता.

लोकांना स्लो म्हटलं की शून्य ते शंभरचा आकडा आठवतो. तो आकडा तर कमीच होता, 1,900 किलोची गाडी आणि 2 लिटरच्या टर्बोची साधारण 184 हॉर्सपॉवर, म्हणजे टनाला शंभर हॉर्सपॉवरसुद्धा नाही. पण मला टोचायचा तो आकडा नाही, मधला वेळ. समोर ट्रक आहे, पलीकडे रस्ता मोकळा दिसतोय, मी पाय दाबला. मग गाडी विचार करते. गिअरबॉक्स आठव्यातून खाली यायला निघतो, एक गिअर, मग अजून दोन, मग टर्बोत प्रेशर तयार होतं, मग ती दोन टनांची पेटी हलते आणि एकदा हलली की ताकद बरी येते, पण तोपर्यंत ज्या जागेसाठी पाय दाबला होता ती जागा निम्मी संपलेली असते. सेकंद, दीड सेकंद असेल. तेवढ्यात माझा गाडीवरचा भरवसा जायचा. स्पोर्ट मोडमध्ये ठेवली की गिअर खालचा राहायचा, पण मग सरळ रस्त्यावर विनाकारण गुरगुरत चालायची. ब्रेकिंगचंही तेच, थांबायची व्यवस्थित, पण वळणात शिरताना सगळं वजन पुढे आणि बाहेरच्या बाजूला लोटलं जायचं आणि ते परत जागेवर येईपर्यंत स्टीअरिंगमधून काही कळायचंच नाही.

म्हणून ठरवलं, बदलायची. आणि यादी करायला बसलो तर तिच्यात फार काही नव्हतंच. वजन कमी पाहिजे. मॅन्युअल गिअर पाहिजे. चार दारं पाहिजेत, कारण बाबांचा गुडघा. आणि सकाळी खाली आलो की ती चार चाकांवर सरळ उभी पाहिजे.

खूप फिरलो. नवीन हॉट हॅच, म्हणजे छोट्या पण वेगवान हॅचबॅक, पाहिल्या, चांगल्या होत्या, पण बऱ्याचशांत परत तेच, अॅडाप्टिव्ह डॅम्पर (इलेक्ट्रॉनिक शॉक अॅब्सॉर्बर), चार ड्राइव्ह मोड, ड्युअल क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि त्याला चालवणारं मेकाट्रॉनिक युनिट. मला ज्याच्यातून बाहेर पडायचं होतं त्याच्यातच पुन्हा शिरायचं नव्हतं. फिरत फिरत शेवटी आलो आठव्या पिढीच्या होंडा सिव्हिक एसआयवर, सिव्हिकच्या स्पोर्टी आवृत्तीवर. 2006 ते 2011 मध्ये विकली गेलेली. म्हणजे मी जी विकत होतो तिच्यापेक्षा वयानं कितीतरी मोठी! घरात, ऑफिसात, सगळ्यांचं एकच, "अरे, लोक जुनी देऊन नवी घेतात, तू उलटं का करतोयस?" मी प्रत्येकाला बसवून समजावलं, कारण मला ते खरंच पटलेलं होतं. वय आणि भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडीत बिघडण्यासारखं किती आहे आणि आधीच्या मालकानं ती कशी ठेवली, यावर बरंच काही ठरतं. हिच्यात साधी स्टीलची स्प्रिंग आणि साधा शॉक अॅब्सॉर्बर आहे, टर्बो नाही, डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणं) नाही त्यामुळे इंजेक्टरमधून पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागे पडतं आणि व्हॉल्व्ह धुतले जातात, कार्बन साठायची कटकट फारशी नाही. टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे.

आणि इंजिन! के 20 झेड 3. दोन लिटर, 197 हॉर्सपॉवर, तीही 7,800 आरपीएमला (मिनिटाला इतके फेरे), आणि लाल रेषा, म्हणजे इंजिनाची वरची मर्यादा, 8,000 वर. बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्ही 86 मिलिमीटर. 8,000 आरपीएम म्हणजे क्रँक सेकंदाला 133 वेळा फिरतोय आणि प्रत्येक पिस्टन तेवढ्याच वेळा खाली जाऊन वर येतोय. हे मी रात्री झोपताना कितीदा मनात मोजलंय. गाडीचं वजन साधारण 1,300 किलो, म्हणजे टनाला दीडशे हॉर्सपॉवर. माझ्या आधीच्या गाडीच्या दीडपट, आणि तेही फक्त 13 हॉर्सपॉवर जास्त असताना. बाकी सगळी कमाई वजन कमी असल्याची.

गाडी शोधायला सात महिने लागले. कारण या गाड्या बहुतेक तरुण पोरांच्या हातातून गेलेल्या, कुणी एक्झॉस्ट बदललाय, कुणी स्प्रिंग कापल्यात, कुणी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, रीमॅप केलाय. मला स्टॉक पाहिजे होती, एअर फिल्टरच्या डब्यापासून सगळी कंपनीची. जी मिळाली तिच्या मालकाकडे ऑइल चेंजच्या प्रत्येक पावतीची फाइल होती. मी आधीच सांगून ठेवलं होतं की इंजिन गरम करून ठेवू नका, मी आल्यावर चालू करू. बॉनेटवर हात ठेवला, थंडगार. स्टार्ट केल्यावर कान लावून ऐकलं, चेनची खडखड नाही. डिपस्टिक बाहेर काढली, ऑइल वरच्या खुणेपाशी. चारही टायर एकसारखे झिजलेले, म्हणजे अलाइनमेंट सरळ. मग गाडी चालवताना प्रत्येक गिअर थोडा जास्त आरपीएमला बदलून पाहिला, कारण सिंक्रो (गिअर अलगद बसवणारी कडी) झिजलेला असेल तर तो तिथेच करकरतो, हळू चालवताना काही कळत नाही. मालक शेजारी शांत बसून होते. उतरताना म्हणाले, "तुम्ही बघताय तसं कुणीच बघितलं नाही." मला फार बरं वाटलं.

ऑइलचं एवढं का बघितलं, तर व्हीटेक, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडायचे ते आरपीएमप्रमाणे बदलणारी होंडाची यंत्रणा. होंडानं हे 1989 मध्ये इंटेग्रात आणलं आणि कल्पना इतकी देखणी आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. व्हॉल्व्हच्या प्रत्येक जोडीसाठी कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर) तीन लोब, म्हणजे उंचवटे, असतात, बाजूचे दोन छोटे आणि मधला मोठा. कमी आरपीएमला छोटे लोब व्हॉल्व्ह उघडतात, थोडेसे आणि थोड्या वेळासाठी, म्हणून गाडी गर्दीत शहाण्यासारखी चालते. आरपीएम वाढला, साधारण 5,800 च्या आसपास गेला की ऑइलच्या प्रेशरनं एक पिन सरकते आणि लोब आणि व्हॉल्व्हच्या मधले तिन्ही रॉकर आर्म एकमेकांना जोडले जातात. आता हुकूम मधल्या मोठ्या लोबचा, व्हॉल्व्ह जास्त उघडतात, जास्त वेळ उघडे राहतात. ऑइल कमी असेल तर हे होतच नाही. इंजिन थंड असेल तरी होत नाही, त्यामुळे निघाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं मी तिला हळूच चालवतो.

पहिल्यांदा मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये ओढली तेव्हा 5,000 पर्यंत वाटलं, ठीक आहे, चांगली आहे. मग आवाज बदलला. वाढला नाही, बदलला, जाड आवाजाचा एकदम कडक धारदार झाला आणि सीट पाठीला लागली, आणि मी गिअर बदलायचंच विसरलो कारण मला वाटलं आता इंजिन संपलं असेल, पण ते अजून दोन हजार आरपीएम चढतच होतं. घरी येऊन गाडी लावली आणि तसाच आत बसून राहिलो थोडा वेळ.

पण रोजच्या चालवण्यात सुख देतो तो गिअरचा दांडा. छोटा आहे, मनगटातूनच पडतो, आणि प्रत्येक गिअर टाकताना एक खट्ट असा धातूचा स्पर्श हाताला लागतो. ट्रक समोर आला की चौथ्यातून तिसरा मी टाकतो, मला हवा तेव्हा, आणि पाय दाबला की त्याच क्षणी इंजिन ओढतं. मध्ये कुणी विचार करत नाही. टॉर्क कमी आहे, 188 न्यूटन मीटर फक्त, त्यामुळे आळशीपणा करून वरच्या गिअरमध्ये ठेवली तर ती जागची हलत नाही, हे मान्य. पण मग गिअर टाका ना! त्यासाठीच तर घेतली. वळणात पुढच्या चाकांमध्ये लिमिटेड स्लिप डिफरन्शियल आहे, आतलं चाक हलकं होऊन फिरायला लागलं की ताकद बाहेरच्या चाकाकडे जाते आणि गाडीचं नाक वळणाच्या आत खेचलं जातं. हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

काय गमावलं तेही सांगायला पाहिजे. हायवेवर टायरचा आवाज येतो, बराच येतो. सहाव्या गिअरमध्येही इंजिनाचे आरपीएम जास्तच राहतात, म्हणून तीन-चार तासांनी कान थकतात. 215/45 आर 17 टायर आहेत, म्हणजे बाजू बुटकी, खड्डा सरळ पाठीत येतो. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबलं जातं ते) 11 ला 1 आहे त्यामुळे जास्त ऑक्टेनचं पेट्रोलच लागतं. बाबांची मला सगळ्यात जास्त काळजी होती, सीट खाली आहे म्हणून. पहिल्या दिवशी उतरताना विचारलं, "बाबा, गुडघ्याला त्रास झाला का?" म्हणाले, "उतरताना थोडा होतो. पण तू आता गप्पा मारत गाडी चालवतोस, आधी नुसता गप्प बसायचास." मला स्वतःला हे कधी जाणवलंच नव्हतं. आता बाबा आधी पाय बाहेर काढतात, मग दाराच्या वरच्या कडेला धरून उठतात, आणि लांब जायचं असेल तर आम्ही दर दीड तासानं थांबतो.

चौदा महिने झाले. घेतल्या घेतल्या सगळे फ्लुइड बदलले, क्लच बदलला, मागच्या सस्पेन्शनचे बुश घातले, ते मी आधीच ठरवून बाजूला ठेवलेल्या पैशात झालं. ब्रेक ऑइल तर आवर्जून, ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुनं झालं की गरम झाल्यावर पेडल मऊ पडतं. त्यानंतर 21,000 किलोमीटर झाले आणि एकदाही डॅशबोर्डवर बिघाडाची एकही लाइट लागलेली नाही. आधीच्या गाडीत कुठे लांब जायचं म्हटलं की मी आधी टो ट्रकचा नंबर सेव्ह आहे ना ते बघायचो.

पुढच्या आठवड्यात व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ठेवलेली बारीक फट, चेक करून घ्यायचाय. या इंजिनात ती फट आपोआप सांभाळणारे हायड्रॉलिक लिफ्टर नाहीत, स्क्रू आणि नट आहेत, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून एकेक व्हॉल्व्ह हातानं सेट करावा लागतो, सोळाच्या सोळा. इंजिन पूर्ण थंड लागतं, म्हणून मेकॅनिकनं गाडी आदल्या रात्रीच आणून ठेवा म्हणून सांगितलंय. मी सकाळी लवकर जाणार आहे, मला ते व्हॉल्व्ह कव्हर उघडल्यावर आतले तीन लोब स्वतःच्या डोळ्यांनी बघायचेत.