हागणदारीमुक्त गावाच्या वरचा चढ

‘गाडी थेट वस्तीपर्यंत जाते’ या एका वाक्यावर विसंबून, डोंगरावरच्या धनगरवाड्यात बांधलेली शौचालये खरेच वापरात आहेत का ते पाहायला आम्ही मे महिन्यात पुण्याहून निघालो. चेलाडी फाट्यावरून वेल्ह्यापर्यंतचा प्रवास सुखाचा झाला, एवढे त्याविषयी पुरे. पुढे जीपवाल्याने 200 ठरवून 600 रुपये घेतले आणि धनगरवाड्याच्या दीड किलोमीटर अलीकडेच उतरवले. भाडे परतीसह आणि नेमके कोणत्या घरापर्यंत, हे बसण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.

तो दीड किलोमीटरचा कातळचढ माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. ग्रामीण महाराष्ट्र 2018 साली हागणदारीमुक्त जाहीर झाला, त्या वेळची पाटी खाली ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक आहे. वर मात्र पाऊल कुठे ठेवावे हे शोधत चालावे लागते.

वस्तीत 12,000 रुपयांच्या अनुदानातून बांधलेली शौचालये आहेत, आणि पहिल्याच घरी त्यात गोवऱ्या रचलेल्या होत्या. “दोन हंडे पाणी आणायला तास जातो, ते प्यायचं का तिथं ओतायचं?” असे त्या घरच्या मावशींनी विचारले, तेव्हा मी निरुत्तर झालो. शौचालयाच्या तीव्र उताराच्या ग्रामीण भांड्याला दीड-दोन लिटर पाणी पुरते. येथे शहरातले उथळ भांडे बसवले आहे, त्याला बादली लागते. शेजारी, मैला दोन खड्ड्यांकडे वळवणाऱ्या चेंबरचे झाकण उचलून पाहिले, तर दोन्ही शोषखड्ड्यांची तोंडे उघडी होती. एक खड्डा वापरायचा, तो भरल्यावर दुसरा सुरू करून पहिल्याला दीड-दोन वर्षे विश्रांती द्यायची, म्हणजे त्याचे खत होते. ही गोष्ट उघड्यावर बसणाऱ्यांना अडवायला पहाटे शिट्ट्या वाजवत येणाऱ्या गुड मॉर्निंग पथकाने कोणालाही सांगितली नव्हती. आम्ही विटेचा तुकडा आणि चिखल लावून एक तोंड बंद केले.

माझे मत स्पष्ट आहे: पाणी असताना, डिसेंबरात जाऊन शौचालये मोजणे हा वेळेचा अपव्यय आहे. मे महिन्यात जावे, मुक्काम करावा, पहाटे साडेपाचला टमरेल घेऊन कोण कुठे निघते ते दुरून पाहावे (फोटो मुळीच काढू नयेत), आणि बायकांशी सरपंच जवळ नसताना बोलावे. पिण्याचे पाणी स्वतःचे न्यावे. वस्तीवर मागणे मला तरी लाजिरवाणे वाटले. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर परतीची जीप मिळाली नाही, तेव्हा वेल्ह्यापर्यंत अकरा किलोमीटर पायी चालण्याची तयारीही ठेवावी.