हाडासकट

डिसेंबरातली दुपार. जेवणं झालेली, ओटा पुसून झालेला. जरा पाठ टेकावी म्हणून आत गेले तर फोन वाजला. वांद्र्याचा कोल्ड स्टोरेजवाला. नाताळचा हॅम, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, सांगून ठेवला होता ना, त्यासाठी.

"मॅडम, बोनलेस रोल देऊ की बोनवाला पाय?"

"पायच द्या. हाडासकट."

फोन ठेवला आणि मग वाटलं, एवढ्या ठासून का सांगितलं आपण? रोल कापायला सोपा. आमच्या ओव्हनमध्ये मावतो, फ्रीजमध्ये मावतो, चार दिवसांत संपतो. पाय कशातच मावत नाही. ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "हाडाचेही पैसे लावतात ना?" लावतात. मांसाच्याच भावाने लावतात. डुलकीचं खोबरं झालं आणि मी हाडाचा विचार करत पडून राहिले.

वसईत हॅम हा तसा आमचा पदार्थ नव्हे. आमचा नाताळ म्हणजे डुकराचा आंबट-तिखट इंदयाल, पावासारखे तळलेले फुगे, करंज्या, कलकल. त्यात हॅम आणला माझ्या मामाने. मामा बोटीवर होता. एका डिसेंबरात सुट्टीवर आला तो डेन्मार्कचा डबा घेऊन. एका बाजूला निमुळता, अंगाला चावी चिकटवलेला. मामाने जेवणाच्या टेबलाभोवती आम्हा सगळ्यांना उभं केलं, चावीच्या भोकात पत्र्याची जीभ अडकवली आणि फिरवायला लागला. पत्र्याची पट्टी चावीभोवती गुंडाळत गेली. शेवटी डबा उलटा करून बुडावर थापटी मारली तेव्हा "थप्" करून एक गुलाबी गोळा परातीत पडला. भोवती पारदर्शक जेली, ती थरथरत होती.

आजीने चष्मा कपाळावरून खाली घेतला. "कच्चंच आहे की रे."

"शिजलेलं आहे, आये. तसंच खायचं."

"शिजलेलं मांस गुलाबी राहतं होय?"

मिठाबरोबर त्यात नायट्राइट घालतात, त्यामुळे शिजल्यावरही रंग टिकतो, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मामालाही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "तिकडची डुकरं गोरी असतात."

हे आजीला पटलं असावं. पण तसंच खायचं हे काही पटलं नाही. तिने तो गोळा नळाखाली धरून जेली धुऊन काढली. मग मांसाचे तुकडे केले, भरपूर लसूण ठेचला आणि तपकिरी बाटलीतून दोन चमचे बॉटल मसाला काढून सगळं पातेल्यात टाकलं. वर ताडीचं व्हिनेगर. मामा ओट्याशी उभा राहून बघत होता. त्याने अर्ध्या जगातून सांभाळून आणलेला हॅम वीस मिनिटांत इंदयाल झाला. चव? खारट आणि गोड आणि तिखट, आणि कशातच काही मिसळलेलं नाही. आजी म्हणाली, "आजारी होतं बिचारं." डबा मात्र तिने घासून ठेवला. पुढे कित्येक वर्षं त्यात खडे मीठ असायचं.

आता हॅम आणायला मीच जाते. जाताना ट्रेन रिकामी असते, प्रश्न येतो परतीचा. संध्याकाळची विरार लोकल, लेडीज डबा, मांडीवर वर्तमानपत्रात आणि दोन पिशव्यांत गुंडाळलेला पाच किलोंचा पाय. समोरच्या बायका मटार सोलत होत्या. एकीने मेथीची जुडी सोडलेली. बोरिवली गेल्यावर जरा श्वास घ्यायला जागा झाली तशी मेथीवाली म्हणाली, "मावशी, फणस का?"

"डिसेंबरात कुठला फणस गं?" मटारवाली.

"केक आहे," मी म्हटलं.

"एवढा?"

"माणसं फार आहेत घरात."

माणसं फार नाहीत. पण गर्दीच्या डब्यात मांडीवर डुकराचा पाय आहे असं सांगण्याइतकी माझी छाती मोठी नाही. मांडी मात्र गारठून बधिर झाली होती. भाईंदर सुटलं, खाडीचा पूल आला, पलीकडे नायगावकडची मिठागरं. आणि मनात आलं, आजीला खरं म्हणजे हॅमचं कौतुक वाटायला हवं होतं. मीठ लावून टिकवणं आम्हाला कोणी शिकवायला नको. वलांडीवर बोंबील, बरणीत मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या, माळ्यावर खारा मासा. हॅम म्हणजे तरी काय? डुकराचा मागचा पाय मिठात मुरवायचा, टांगायचा, धुरी द्यायची.

फक्त त्याला थंडी लागते. गार मुलखात हिवाळ्याच्या तोंडावर डुकरं मारायचे, पाय मिठात घालायचे, थंडीभर ते मुरत राहायचे आणि वसंतात खायला तयार. अमेरिकेत ईस्टरलाही हॅम असतो तो त्यामुळेच. आमच्याकडे 24 डिसेंबरला दुपारी पंखा लागतो. इथे पाय टांगला असता तर कावळ्यांनी आमच्याआधी नाताळ उरकला असता. म्हणून उन्हात सुकवायचे ते मासे, आणि डुक्कर व्हिनेगरात. पोर्तुगीज 1534 ते 1739, दोन शतकं वसईत राहिले. ते उतरले ते व्हिनेगर-लसूण घेऊन. त्यांच्या मदेरा बेटावर नाताळला आजही व्हिनेगर आणि लसणात मुरवलेलं डुक्कर करतात, म्हणजे आमचा इंदयालच, बॉटल मसाल्याशिवायचा. बिचारे.

घरी आल्यावर खरं काम फार थोडं असतं, ही हॅमची गंमत आहे. दुकानाचा हॅम शिजलेलाच येतो. आपण त्याला गरम करायचं आणि सजवायचं. वरची कातडी सोलायची. खाली चरबीचा पांढरा थर लागतो, त्यावर सुरीने तिरप्या रेघा ओढायच्या, शंकरपाळ्यासारख्या. हात हलका हवा. चरबीच कापायची, मांसाला सुरी लागली की तिथून रस गळतो. प्रत्येक चौकटीत एकेक लवंग. इथपर्यंत मी जगाबरोबर आहे. यापुढे अननसाच्या चकत्या काड्यांनी टोचून मधोमध लाल चेरी लावतात, ते मला बघवत नाही. मी गूळ, मोहरीची पूड आणि ताडीचं व्हिनेगर पातळ आटवून घेते. तेही शेवटच्या अर्ध्या तासात लावायचं. आधी लावलं तर गूळ करपतो आणि कडू लागतो.

आमच्या ओव्हनमध्ये कोंबडी बसते, पाय नाही. म्हणून 24 तारखेला संध्याकाळी तो गावातल्या बेकरीत जातो. लहानपणी याच भट्टीत दिवाळीला शेजाऱ्यांच्या नानकटाईचे पत्रे जायचे आणि नाताळला आमचे केक. पत्र्यावर नावाची चिठ्ठी, आणि ती जळली की दोन घरांत आठवडाभर अबोला. आता पत्रे कमी झाले, भट्टी तीच आहे. लाकडं जाळून आत विटा तापवायच्या, निखारे बाहेर ओढायचे आणि मग रात्रभर त्या विटांच्या उष्णतेवर भाजायचं. मुंबईतल्या बेकऱ्यांनी लाकूड-कोळसा सोडून गॅस किंवा विजेवर जावं, असं हायकोर्टाने 2025 च्या जानेवारीत सांगितलं. धूर खरा आहे, बेकरीवाल्याचा खोकलाही खरा आहे. तरी ही भट्टी माझ्यादेखत बंद होऊ नये असं मला वाटतं, आणि हे वाटणं काही फार न्यायाचं नाही.

हॅम शेवटी आत जातो, केक निघून गेल्यावर, पडत्या आचेवर. लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावर ताट ठेवून बेकरीवाला ते पार मागच्या भिंतीपर्यंत सरकवतो. आम्ही रात्रीच्या मिस्साला जातो. मधल्या वेळात तो पावाला लावायच्या ब्रशने माझा गूळ फासतो. मुलीने मला मांसात खुपसायचा थर्मामीटर पाठवलाय. शिजलेला हॅम आतून 60 अंशांपर्यंत तापला की झालं, असं तिने वर लिहून दिलंय. मी तो एकदा घेऊन गेले होते. बेकरीवाल्याने आदराने हातात घेतला, उलटसुलट पाहिला, परत दिला. मग हाडाशेजारी एक पातळ सुरी खुपसली, थोडा वेळ ठेवली, काढून ओठाला लावली. "झालाय," म्हणाला. मी चोरून थर्मामीटर लावून बघितला. झाला होता.

एवढं सगळं करून दुसऱ्या दिवशी तो टेबलावर येतो तेव्हा काय होतं, तर फोटो निघतात. प्रत्येक जण एक काप घेतो. "वा!" म्हणतो. आणि मग इंदयालचं पातेलं पुढे ओढतो. धाकटा दीर तर उघड म्हणतो, "वहिनी, दिसायला छान आहे हो." पूर्वी राग यायचा. आता माझंही मत तेच झालंय. भाजलेला हॅम हा निम्म्याहून अधिक देखावा आहे, आणि सणाला थोडा देखावा लागतो. गोड्या मोहरीच्या मांसापेक्षा मलाही फुगा बुडवून खाल्लेला इंदयालच आवडतो.

मला हवं असतं ते हाड.

26 तारखेला सकाळी मी हाडावरचं उरलंसुरलं मांस सुरीने खरवडून घेते. आदल्या दिवशी भिजवून सोललेले कडवे वाल तयार असतात. मोठ्या पातेल्यात हाड, पाणी, दोन कांदे, बॉटल मसाला, मागाहून वाल, शेवटी चिंचेचा कोळ. मीठ घालायचं नाही, हाडात पुरेसं असतं. वाल फुटायला लागले की रस्सा दाट होतो आणि त्याला धुरकट, गुळचट वास येतो. गरम भात, ही आमटी, आणि मग ताटात हाड घेऊन बोटांनी कोरत बसायचं. त्या दिवशी कोणी बोलावलं तरी मी जात नाही. नाताळ लोकांसाठी आणि दुसरा दिवस माझ्यासाठी, अशी वाटणी मी परस्पर करून टाकली आहे. खायला असतो आम्ही दोघंच. मुलगी कॅनडाला, दिरांची मंडळी 25 च्या संध्याकाळी गाड्या काढून परत. सण आता एका दिवसात संपतो.

आजीच्या वेळी तसा संपत नसे. तिच्याकडे हॅम नव्हता, पण हाडं होती. आख्खं डुक्कर दोन-तीन घरांत वाटून घ्यायचे. 25 ला मांस, 26 ला हाडांची वालातली आमटी. ती आमटी मागच्या अंगणात तीन दगडांवर भल्या मोठ्या टोपात व्हायची, कारण त्या दिवशी वाडीत कामाला येणारी माणसं जेवायला असत. शिंपणीला, केळीला टेकू द्यायला, पानवेलींच्या कामाला पूर्वेकडच्या पाड्यांवरून वारली बायका-पुरुष यायचे. केळीच्या पानांवर पंगत बसायची, मागीलदारी. आम्ही मुलं स्वयंपाकघराच्या पायरीवर. मला हाडाची चटक लागली ती तिथे. आतला मगज ओढून काढायला आजीने मला केसातला आकडा दिला होता, पितळेचा.

आजी हात आखडून वाढणारी नव्हती, हे सांगायला हवं. दोनदा, तीनदा वाढायची. पण 25 तारखेला ती माणसं आमच्या घरी नसत, आणि 26 ला टोपात मांस नसे. हे मला तेव्हा दिसत नव्हतं. आम्हाला हाड चोखायला मजा यायची, कारण आदल्या दिवशी पोटभर मांस झालेलं असायचं.

त्यांच्यातली एक बाई आठवते. जेवताना ती पानातली हाडं बाजूला काढून ठेवायची, रस्सा-भात तेवढा खायची, आणि उठताना हाडं केळीच्या पानात बांधून ओच्यात घ्यायची. मी आजीला विचारलं, ही का खात नाही? आजी म्हणाली, "कुत्र्याला नेत असेल."

पुढे एकदा पपांबरोबर त्या बाईच्या पाड्यावर गेले होते, मजुरी द्यायला. कुडाची खोली, दारात चार मुलं. कुत्रं नव्हतं.