आमची वाटचाल : आधी दाब, मग फिल्टर

आमच्या फर्मची सुरुवात हवेच्या फिल्टरच्या विक्रीने झाली नाही. मी आणि माझी थोरली बहीण, आम्ही दोघांनी घरातल्या डक्टवाल्या, म्हणजे पत्र्याच्या मार्गांतून खोल्याखोल्यांत हवा पोचवणाऱ्या, हीटिंग-कूलिंग यंत्रणांची देखभाल आणि दुरुस्ती करायला घेतली, तो आमचा पहिला धंदा. तक्रारी ठरलेल्या असायच्या. कोपऱ्यातल्या खोलीत हवा पोचत नाही, कॉइलवर (हवा थंड करणाऱ्या नळ्यांवर) बर्फ धरतो, फर्नेस (हवा तापवणारी भट्टी) चालू होते आणि मधूनच बंद पडते, ब्लोअरचा (हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) आवाज वाढलाय. मी अवजारे घेऊन घरोघर जायचो आणि ताई प्रत्येक कामाची नोंद ठेवायची: काय बिघडले होते, काय केले, फिल्टर कुठल्या मापाचा, कुठल्या दर्जाचा.

आमची दिशा ठरवली ती या वह्यांनी. ताईने एकदा सगळ्या नोंदी समोर ठेवल्या आणि दाखवून दिले की वेगवेगळ्या वाटणाऱ्या या तक्रारींच्या मुळाशी पुन्हा पुन्हा फिल्टरच येतोय. काही घरांत तो चोंदलेला होता, हे कुणालाही कळेल. पण बऱ्याच घरांत तो नवाकोरा, चांगल्यातला होता आणि त्या यंत्रणेला झेपत नव्हता. लोकांनी घरातल्यांच्या काळजीपोटी सर्वांत मोठ्या आकड्याचा फिल्टर आणून बसवला होता आणि त्यामुळेच हवा अडत होती. तेव्हापासून नुसती दुरुस्ती करून निघून यायचे नाही, फिल्टरची निवडही आपणच नीट करून द्यायची, असे आम्ही ठरवले.

आकडा म्हणजे मर्व्ह, फिल्टर किती बारीक कण किती प्रमाणात धरतो त्याची श्रेणी. ॲश्रे या हीटिंग-कूलिंग क्षेत्रातल्या अभियंत्यांच्या संस्थेच्या ५२.२ क्रमांकाच्या मानकात ही १ ते १६ अशी श्रेणी आहे. कणांचे तीन गट करून चाचणी होते: ०.३ ते १ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), १ ते ३ आणि ३ ते १०. मर्व्ह ८ चा फिल्टर शेवटच्या, म्हणजे मोठ्या कणांच्या गटातले किमान ७० टक्के कण धरतो. परागकण आणि घरातली दिसणारी धूळ बरीचशी त्यात येते. मर्व्ह ११ मधल्या गटातले किमान ६५ टक्के धरतो. मर्व्ह १३ ला सर्वांत बारीक गटातलेही निम्मे कण धरावे लागतात, आणि धूर, वाहनांच्या धुरातली काजळी, खोकल्यातून उडणारे बारीक तुषार यांचा विचार करायचा तर तो गट महत्त्वाचा. महासाथीच्या काळात ॲश्रेने मर्व्ह १३ किंवा त्याहून वरचा फिल्टर सुचवला तो यासाठीच. पण त्याच सल्ल्यात यंत्रणेला झेपेल तेवढेच, हीही बाजू होती. ती लोकांपर्यंत पोचली नाही आणि आमच्याकडे कॉइल गोठल्याचे फोन वाढले.

काही कंपन्या खोक्यावर मर्व्हऐवजी स्वतःचीच मोजपट्टी छापतात. आम्ही ग्राहकांना एवढेच सांगतो की बारीक अक्षरात मर्व्ह किंवा २०१६ च्या आयएसओ १६८९० मानकाप्रमाणे ईपीएम-१ ची, म्हणजे १ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण किती धरतो त्याची, टक्केवारी शोधा. दोन्ही नसेल तर तो फिल्टर घेऊ नका. आणखी एक बारकावा असा की कृत्रिम धाग्यांच्या बऱ्याच फिल्टरांवर विद्युतभार दिलेला असतो. नवा असताना तो बारीक कण छान ओढून घेतो, पण वापरात भार उतरत जातो आणि आकडा होता तसा राहत नाही. भार उतरवून केलेल्या चाचणीचा निकाल मर्व्ह-ए म्हणून दिलेला असतो. तो छापणारा उत्पादक दिसला की माझा त्याच्यावर विश्वास बसतो.

आता दाबाकडे येतो. आमचे सगळे काम यावरच उभे आहे.

घरगुती ब्लोअर साधारण १२५ पास्कल, म्हणजे पाण्याच्या अर्ध्या इंचाएवढ्या बाह्य दाबासाठी, म्हणजे यंत्राबाहेरच्या अडथळ्यांवर मात करायला लागणाऱ्या दाबासाठी, बनवलेले असतात. नेमका आकडा यंत्रावरच्या माहितीच्या पट्टीवर लिहिलेला असतो. या १२५ मध्ये सगळ्यांचा वाटा निघतो: डक्ट, वळणे, जाळ्या, फर्नेस असेल तर तिच्यावर बसवलेली कॉइल, आणि फिल्टर. आमचा ठोकताळा असा की कोऱ्या फिल्टरने यातला पाचवा हिस्सा, म्हणजे २५ पास्कलच्या आसपास, याहून जास्त खाऊ नये. त्याने ४० किंवा ५० खाल्ले की बाकीच्यांसाठी उरत नाही. जुन्या पद्धतीची मोटर असेल तर हवा सरळ कमी होते. थंडीच्या दिवसांत फर्नेसमध्ये उष्णता साचून सुरक्षा स्विच पडतो, उन्हाळ्यात कॉइल गोठते. नवी, वेग आपोआप सांभाळणारी मोटर असेल तर ती जोर लावून हवा टिकवायला बघते. मग वीज जास्त लागते, आवाज वाढतो आणि घरच्यांना कारण कळत नाही.

म्हणून आम्ही मॅनोमीटर, म्हणजे दोन ठिकाणच्या दाबातला फरक मोजणारे उपकरण, घेतला, आणि आजही आमच्याकडे येणाऱ्या नव्या मुलाच्या हातात पहिल्यांदा तोच दिला जातो. फिल्टरच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, अशी दोन बारीक भोके पाडायची, नळ्या घालायच्या, ब्लोअर पूर्ण वेगात चालवायचा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचे. नंतर भोकांना बूच बसवायचे. एवढेच काम, पण त्याशिवाय फिल्टर सुचवणे म्हणजे अंधारात तीर मारणे.

एका घरचे उदाहरण देतो. तिथल्या आजींना दमा. मुलाने मर्व्ह १३ चा एक इंची फिल्टर आणून लावलेला, आणि लांबच्या खोलीत, म्हणजे नेमक्या आजींच्याच खोलीत, हवा येईनाशी झालेली. तीन टनांची यंत्रणा (टन हे हवा थंड करण्याच्या क्षमतेचे माप). टनाला मिनिटाला ४०० घनफूट या हिशेबाने १२०० घनफूट हवा लागणार. फिल्टर १६ बाय २५ इंच, म्हणजे पावणेतीन चौरस फुटांच्या जरासा वर. भागाकार केला की वेग येतो मिनिटाला ४३० फूट. एक इंची दाट फिल्टरसाठी हा वेग फार झाला. आम्ही ३०० च्या आत ठेवायला बघतो. मॅनोमीटरनेही तेच सांगितले. मुलगा म्हणाला, “दादा, मग साधाच लावू का परत? पण आजीचं काय?” त्याची काळजी रास्त होती. साधा लावला असता तर हवा वाढली असती, पण आजींना त्रास देणारे बारीक कण तसेच फिरत राहिले असते.

आम्ही दर्जा उतरवला नाही, क्षेत्रफळ वाढवले. दुसऱ्या बाजूने आणखी एक रिटर्न (खोल्यांतली हवा यंत्रणेकडे परत नेणारा मार्ग) काढला आणि तिथेही तेवढाच फिल्टर बसवला. तीच हवा दोन फिल्टरांत वाटली गेली आणि वेग निम्म्यावर आला. फिल्टरच्या कापडातून हवा जाताना दाब जवळजवळ वेगाच्या प्रमाणातच पडतो, त्यामुळे अडथळाही निम्म्याच्या आसपास उतरला. मर्व्ह १३ राहिला आणि आजींच्या खोलीत हवा आली.

दुसरा रिटर्न काढायला जागा नसेल तर जाडी वाढवायची. चार इंची फिल्टरमध्ये घड्या खोल असतात, त्यामुळे तेवढ्याच चौकटीत कितीतरी जास्त कापड बसते. त्याच दर्जाचा चार इंची फिल्टर एक इंचीपेक्षा हवा सहज जाऊ देतो, धूळही जास्त साठवतो आणि जास्त टिकतो. त्यासाठी पत्र्याची खोल पेटी बसवावी लागते. या पेट्या आम्ही आता स्वतः तयार करतो, आणि खरे सांगायचे तर आमच्या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे.

पेट्यांकडे वळलो त्याला आणखी एक कारण होते: फटी. जुना फिल्टर बाहेर काढला की आधी त्याची चौकट बघावी. एका कडेला काळपट पट्टा दिसला, किंवा फिल्टरच्या मागच्या पत्र्यावर धुळीची रेघ ओढल्यासारखी दिसली, तर हवा कापडातून न जाता बाजूने निसटते आहे. जितका दाट फिल्टर, तितका हवेचा कल फटीकडे. म्हणजे महाग फिल्टर लावून धूळ थेट कॉइलवर. खोक्यावर छापलेले माप नाममात्र असते, प्रत्यक्षात फिल्टर सहसा पाव ते अर्धा इंच लहान असतो, आणि तो फरकही उत्पादकागणिक बदलतो. आम्ही पेटीला आतून गॅस्केट (फट बुजवणारी मऊ पट्टी) लावतो, दार घट्ट बसेल असे करतो आणि सांधे फॉइल टेपने बंद करतो. कापडी डक्ट टेप वापरत नाही, उष्णतेने तिचा डिंक सुकतो. फिल्टरवरचा बाण ब्लोअरच्या दिशेला हवा, हे आम्ही पेटीवर रंगवूनच देतो.

वाटेत एक कसोटीचा प्रसंग आला. आम्हाला माल देणाऱ्या एका पुरवठादाराने अट घातली की वरच्या दर्जाचे एक इंची फिल्टर ठरावीक संख्येने खपवा, तरच सवलत मिळेल. जोडीला डक्टमध्ये बसवायचे आयन सोडणारे यंत्रही विका म्हणाला. अशा काही यंत्रांतून ओझोन बाहेर पडतो आणि ओझोन फुप्फुसांना घातक. दम्याच्या माणसाच्या घरात ते मी बसवणार नव्हतो. ताईने एका वाक्यात पत्र लिहिले आणि तो व्यवहार थांबवला. पुढचे काही महिने ओढाताण झाली, पण ज्यांच्या घरी मोजून फिल्टर बसवले होते, त्यांनीच आम्हाला पुढची कामे आणून दिली.

हेपा या अतिशय दाट फिल्टरबद्दल रोज विचारणा होते. हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण धरतो, हे खरे. पण घरगुती ब्लोअर त्याच्यासाठी बनवलेलाच नसतो. दम्याच्या किंवा ॲलर्जीच्या माणसासाठी झोपण्याच्या खोलीत वेगळा हेपा प्युरिफायर ठेवा आणि मुख्य यंत्रणेत झेपेल तो फिल्टर ठेवा, असे आम्ही सांगतो. हात अगदीच आखडता असेल तर पंख्याला मर्व्ह १३ चे फिल्टर चौकोनात जोडून बनवलेली कोर्सी-रोझेंथाल पेटीही चांगले काम करते. वासासाठी मात्र यातले काहीच उपयोगाचे नाही. मर्व्ह कणांचा आकडा आहे, वायूंचा नाही. वासासाठी कार्बन लागतो आणि पातळ कार्बनचा थर लवकर संपतो.

फिल्टर कधी बदलायचा, याला आम्ही महिन्यांत उत्तर देत नाही. कोऱ्या फिल्टरचा दाब ताई वहीत लिहिते. तो दुप्पट झाला की बदला. विद्युतभारावर अवलंबून नसलेला घड्यांचा फिल्टर धूळ बसल्यावर कण अधिकच चांगले धरतो, त्यामुळे तो उगाच लवकर फेकण्यातही अर्थ नाही. हल्ली आम्ही पेटीवरच छोटा दाबमापक बसवून देतो आणि त्यावर लाल खूण करतो, म्हणजे घरच्यांना आम्हाला विचारायचीही गरज पडत नाही.

सध्या आमच्याकडे दोन मुले शिकायला आहेत. त्यांना घेऊन जुन्या ग्राहकांच्या घरी पुन्हा मोजणी करत फिरणे सुरू आहे, कारण मधल्या काळात कुणी खोली वाढवली, कुणी जाळ्या बंद केल्या, आणि दाब बदलला. तुम्हाला आमच्याकडून फिल्टर निवडून घ्यायचा असेल तर फोन करण्याआधी चार गोष्टी हाताशी ठेवा: यंत्राच्या पट्टीचा फोटो, सध्याच्या फिल्टरचे टेपने मोजलेले माप, त्याच्या काढलेल्या चौकटीचा दोन्ही बाजूंनी फोटो, आणि घरात कुणाला श्वासाचा त्रास आहे का, ही माहिती. मोजायला आम्ही येऊ.