तुम्ही विचारलंत म्हणून: तो एकच पक्षी सापडतो तरी कसा?

गळ्यात दुर्बीण दिसली की लोक थांबवून विचारतात, ‘एवढ्या मोठ्या शेतात नेमका तो एकच पक्षी तुम्हांला सापडतो तरी कसा?’ लग्नाच्या पंगतीतही हा प्रश्न आला आहे आणि फेरीबोटीतही. नजर तीक्ष्ण आहे किंवा नशीब चांगलं आहे, असं उत्तर त्यांना अपेक्षित असतं. मला मात्र दर वेळी भरती-ओहोटीबद्दल बोलायचं असतं आणि तेवढ्यात फेरी पैलतीराला लागते. म्हणून आज जानेवारीतल्या एका शनिवारबद्दल सविस्तर लिहिते.

त्या आठवड्यात गोव्यातल्या दिवाडी बेटावर राखी डोक्याची टिटवी दिसल्याचं एका मैत्रिणीने कळवलं होतं. ही टिटवी ईशान्य चीन आणि जपानमध्ये वीण करते आणि हिवाळ्यात बंगाल, आसाम, आग्नेय आशिया अशा बाजूला उतरते. आपल्या किनाऱ्यावर एखादीच येते. गोव्यात साडेचारशेहून जास्त जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे, पण ही टिटवी मी एकदाही पाहिली नव्हती.

फोंड्याहून पहाटे निघाले आणि आधी करमळीच्या तळ्यावर थांबले. वाटेवर आहे म्हणून नव्हे. तिथे डोळे तयार होतात. जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी, अडई बदकांचे थवे, सगळे ओळखीचे. शेजारून कोकण रेल्वेची गाडी धडधडत गेली तरी एकही पक्षी उठला नाही. मी बांधावर दोन पावलं पुढे टाकली, तर अर्ध्या अडई उडाल्या. मागे सरकले आणि त्या पुन्हा बसेपर्यंत तशीच उभी राहिले. त्या तळ्यावर मी हेच शिकले आहे आणि दर हिवाळ्यात नव्याने शिकते.

मग जुन्या गोव्याहून फेरीने दिवाडीला. आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर.

दिवाडी, चोडण, मांडवीच्या काठची गावं, इथली सखल शेतं म्हणजे खाजनं. नदीचं खारं पाणी बांधाने अडवलेलं असतं आणि बांधात एक लाकडी दार असतं, त्याला मानस म्हणतात. भरती चढली की पाण्याच्या दाबाने दार आपोआप बंद होतं, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतं. माणसाचा हात न लागता हे शेकडो वर्षं चाललं आहे आणि मला त्याचं अजून नवल वाटतं. पावसाळ्यातलं भात कापून झालं की काही खाजनांत मासळीसाठी पाणी आत घेतात. मग धसकटांमध्ये वीतभर पाणी राहतं.

ओहोटीला नदीकाठचा चिखल उघडा पडतो तेव्हा चिखल्या आणि तुतवार हे पाणथळ पक्षी तिथे चरायला असतात. भरतीने तो चिखल बुडवला की ते उडून आत येतात आणि उथळ पाण्याच्या शेतांत गर्दी करून विसावतात. म्हणजे सकाळी जे शेत रिकामं दिसतं, तेच दुपारी भरून जातं. त्या दिवशी पूर्ण भरती दुपारी बाराच्या सुमाराला होती. बरेचजण सकाळी आठला येतात, दहाला ‘काही नाही इथे’ म्हणून परत जातात. त्यांचं चुकतं ते घड्याळात, नजरेत नव्हे.

मानसीपाशी जाळं सोडवत बसलेल्या एका काकांनी विचारलं, ‘कितें सोदता गो?’ राखी डोक्याची टिटवी, मी म्हटलं. ती त्यांना माहीत नव्हती, पण कोणत्या तुकड्यातलं पाणी सर्वात उशिरा उतरतं ते त्यांना अचूक ठाऊक होतं. बांध खचलेल्या जागेच्या पलीकडचा तुकडा त्यांनी हाताने दाखवला. तिथे पोचले आणि साडेअकरापासून नुसती बसून राहिले.

टिटव्या आल्या. एक एक पाहत गेले: काळी छाती, डोळ्यापुढे लाल कातडी, म्हणजे आपली रोजची टिटवी. पुन्हा तीच. पुन्हा तीच. एकीच्या डोळ्यापुढे लाल नव्हे, पिवळं दिसलं तेव्हा आधी माळटिटवीच वाटली, तिचीही कातडी तिथे पिवळीच असते. पण माळटिटवी सड्यावरच्या कोरड्या कातळाची, ती या पाण्यात काय करणार? आणि हिला काळी टोपीही नव्हती. डोकं, मान राखाडी, छातीखाली काळा पट्टा, पिवळ्या चोचीचं टोक काळं. एवढ्यात दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी शेतावरून सरकत आला आणि सगळा थवा उठला. त्या एकीच्या पंखांत केवढं तरी पांढरं उघडलं, टोकं काळी. आता शंकेला जागा उरली नाही. रोजची टिटवी इतकी पाठ नसती, तर हिच्यावरून माझी नजर तशीच पुढे गेली असती.

शेत नेमकं कोणतं, हे मी सांगत नाही. पूर्वी एकदा सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी कॅमेरे घेऊन आलेल्यांनी पक्षी उडताना टिपायचा म्हणून त्याला तीन-चारदा उठवलं आणि ओल्या बांधाची कड पायाखाली ढासळवली. ती कड ज्यांनी खांद्यावरून माती वाहून घातली होती, त्यांना कोणी विचारलंही नाही. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

काकांना दुर्बिणीतून टिटवी दाखवली. बराच वेळ पाहून त्यांनी दुर्बीण परत दिली आणि मग बांधाच्या खचलेल्या जागेबद्दल बोलू लागले. अशी भगदाडं वाढली की खारं पाणी शिरतं, भात होत नाही, शेत पडीक राहतं, त्यात खारफुटी उगवते. हा तुकडा पावसाआधी बांधून घ्यायचा, असं त्यांचं चाललं होतं, माणसं मिळाली तर.

मी रविवार मोकळा आहे का ते पाहिलं आणि किती वाजता यायचं ते विचारून घेतलं.