रडायची मुभा असलेली बालवाडी : आमची वाटचाल

कोल्हापुरात बालवाडी काढायला फारसं काही लागत नाही. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, दारात प्लॅस्टिकची घसरगुंडी, भिंतीवर कार्टूनची चित्रं आणि गेटवर इंग्रजी नावाचा फ्लेक्स, एवढ्या भांडवलावर जूनमध्ये प्रवेश सुरू होतात. आम्हीही २०१२ साली राजारामपुरीत, राहत्या घराच्या तळमजल्यावर, असंच सुरू केलं. सासूबाईंनी जागा दिली ती दोन अटींवर : त्यांच्या तुळशीला आणि दुपारच्या झोपेला धक्का लागता कामा नये. तुळस अजून आहे. झोपेचे मात्र पहिल्याच जूनमध्ये तीनतेरा वाजले, कारण आमच्याकडे मुलांना रडायची मुभा होती.

ही मुभा ठरवून दिलेली होती. त्याआधी मी एका मोठ्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिशुवर्गाला शिकवत होते. एका खोलीत चाळीसेक मुलं, एक बाई, एक मावशी. रडणाऱ्याला व्हरांड्यातल्या बाकावर नेऊन बसवायचं आणि ‘गप्प बसलास तरच आई येईल’ म्हणून दरडावायचं, अशी तिथली रीत. आई बारा वाजता येणारच असायची, पोरगं गप्प बसो न बसो. पण तीन वर्षांच्या जिवाला ते कुठलं माहीत? तो रडू गिळून बसायचा आणि आम्ही म्हणायचो, रुळला हं. ती नोकरी सोडताना घरात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. अपवाद फक्त ह्यांचा. ह्यांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. ते एवढंच म्हणाले, ‘कर, पण पहिली दोन वर्षं फायद्याचं नाव काढू नकोस.’ अंदाज बरोबर निघाला, फक्त वर्षं जास्त लागली.

याच गावात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करायचा हुकूम काढला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. आता मला उलटा दंड लावावासा वाटतो, पावणेदोन वर्षांच्या पोराला ‘बसायची सवय लागू दे’ म्हणून आणून सोडणाऱ्यांना. प्रवेशाच्या वेळी ठरलेला प्रश्न असतो, लिहायला कधीपासून घेणार? आणि दिवाळीनंतर तक्रार येते, ‘मॅडम, अजून ए बी सी डी म्हणत न्हाई की ओ! शेजारच्यांचं फाडफाड बोलतंय.’ ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढला, तेव्हापासून महाराष्ट्रात कुणी ना कुणी सांगतंय की या वयात पाटीपेन्सिलीची घाई नको. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला, त्यावरच्या २०२२ च्या आराखड्यात भावनिक विकासाला स्वतंत्र जागा मिळाली. पण पालकांपुढे हे कागद ठेवून उपयोग होत नाही, मी ठेवून पाहिलेत. त्यांना पोरगं सकाळी चप्पल घालायला धावताना दिसलं, की मग पटतं.

आमच्याकडे नवीन मूल आलं की सुरुवातीला आई किंवा आजी त्याच्याबरोबर खोलीत बसते. मग ती व्हरांड्यात सरकते, मग गेटबाहेर, मग घरी. कुणाला आठवडा पुरतो, कुणाला महिना लागतो. नोकरी करणाऱ्या आईला एवढी रजा मिळत नाही, त्यावरून दर वर्षी काही प्रवेश हातचे जातात. त्याला इलाज नाही. एक नियम मात्र कुणासाठीही वाकवत नाही : पोराची नजर चुकवून सटकायचं नाही. आज्यांना हे अजिबात मान्य नसतं. ‘आता रमलंय, जातो हळूच, उगं कशाला रडवायचं’, असं त्यांचं म्हणणं. पण मान वळवून बघतो तर आजी गायब, असं एकदा झालं की ते मूल पुढचे कित्येक दिवस खेळता खेळता दाराकडे बघत राहतं. म्हणून रस्त्याकडच्या बुटक्या खिडकीपाशी आम्ही एक पाट मांडलाय. ती टाटाची खिडकी. मूल पाटावर चढतं, गज धरतं. आई गेटपाशी थांबून हात करते आणि म्हणते, ‘डबा खाऊन झाला की मी येते.’ मग जाते. पोरगं भोकाड पसरतं, ताई, म्हणजे आमची शिक्षिका, त्याला कडेवर घेते आणि ‘गप्प बस’ न म्हणता सांगते, ‘आई गेली, वाईट वाटतंय. डबा झाला की येणाराय.’ बारा वाजता म्हणजे कधी, ते त्याला उमगत नाही. डबा उमगतो. मात्र डबा झाल्यावर आई हजर पाहिजे, त्यात कसूर झाली की मी आईलाच रागावते.

एक मुलगा आईची जुनी ओढणी घेऊन यायचा. जमिनीवरून फरफटत, चहाचे डाग पडलेली. आजीला लाज वाटायची, ती गेटवरच ओढून घेऊ बघायची. आम्ही ओढणीसाठी त्याच्या उंचीला एक खुंटी ठोकली. आधी ती कमरेला बांधूनच तो दिवसभर हिंडायचा. मग मधूनमधून खुंटीला लावायला लागला, जाता-येता नुसतं बोट लावून बघायचा. पुढे एके दिवशी ओढणी इथंच विसरून घरी गेला. रात्री आईचा घाबरून फोन, ‘मॅडम, आता कसं करू?’ म्हटलं, काय करतोय? तर म्हणे झोपलाय.

मूल आठ-नऊ महिन्यांचं झालं की आपल्या माणसापासून तुटायची भीती सुरू होते आणि दीड वर्षाच्या आसपास ती जोरात असते. जॉन बोल्बी हे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी यावर आयुष्य घालवलं. जवळचं माणूस पाठीशी आहे अशी खात्री असलेलं मूल जास्त धीटपणे लांब जातं, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. त्यामुळे रडणाऱ्या मुलाची मला फार काळजी नसते. काळजी वाटते ती पहिल्या दिवसापासून कोपऱ्यात शहाण्यासारखं बसणाऱ्याची, ज्याच्याबद्दल घरचे कौतुकानं सांगतात, ‘आमचं लई गुणी, कसला त्रास न्हाई.’ त्याच्याशेजारी ताई रोज थोडा वेळ नुसती जाऊन बसते. बोलायची घाई करत नाही. महिना-दोन महिन्यांनी ते एकदा कडकडून रडलं, की आम्ही सुटकेचा श्वास टाकतो. काही मुलांचं मात्र आमच्या आवाक्यातलं नसतं. हाक मारली तरी वळून न बघणं, अडीच वर्षांनंतरही शब्द नसणं, असं दिसलं की पालकांना बालरोगतज्ज्ञांकडे जायला सांगतो. आम्ही डॉक्टर नाही.

हे तालमींचं गाव. इथं मुलगा रडला की चारी बाजूंनी एकच ऐकू येतं, ‘पैलवान हैस न्हवं? पैलवान रडतो व्हय?’ आमच्याकडे येणारे एक आजोबा तरुणपणी लाल मातीत घुमलेले, कानाच्या पाळ्या अजून चपट्या. नातवाला ताई रडू देते म्हटल्यावर ते तावातावानं आले. ‘पोराला बायकी करतायसा.’ मी विचारलं, आखाड्यात पहिल्यांदा पाठ लागली तेव्हा काय झालं होतं? ते जरा थांबले, मग हसले, पण कबूल काही केलं नाही. हल्ली नातू पडला की म्हणतात, ‘रड, पण लवकर आटप.’ एवढी तडजोड मला चालते.

चावण्याचं प्रकरण मात्र एवढ्यावर मिटत नाही. दोन-अडीच वर्षांच्या मुलांत चावणं येतंच, कारण राग भरपूर आणि शब्द अपुरे. एकदा ट्रॅक्टरवरून भांडण झालं आणि एकाने दुसरीच्या दंडावर दात उमटवले. ताईनं आधी तिला जवळ घेतलं, बर्फ लावला. मग त्याच्यापुढे उकिडवी बसली. ‘तुला ट्रॅक्टर पाहिजे होता. तिनं दिला नाही. राग आला. चावायचं नाही, तिला दुखतं. दे म्हणायचं, नाहीतर मला हाक मारायची.’ इतकंच, आणि तेही दहा वेळा सांगावं लागतं. बालवाडीतलं काम इथं संपतं, व्हॉट्सअ‍ॅपवरचं तिथून पुढे चालू होतं. कोण चावलं, ते नाव सांगा, त्याला काढा. आम्ही नाव सांगत नाही. चावलेल्या मुलाचं नाव एकदा बाहेर गेलं की वाढदिवसांना त्याला बोलावणं बंद होतं, त्याच्या आईला गेटवर कुणी बोलत नाही. त्या प्रकरणात मुलीच्या वडिलांनी फी परत मागितली आणि मूल दुसरीकडे घातलं. फी परत दिली.

आता पैशाचं सांगते, कारण या सगळ्याची नाडी तिथं आहे. इंग्लंडमध्ये नर्सरीतल्या प्रत्येक मुलामागे त्याची अशी एक ठरलेली व्यक्ती नेमावीच लागते आणि दोन वर्षांच्या पाच मुलांमागे किमान एक मोठं माणूस लागतं. आम्ही एका ताईमागे सहा मुलांवर थांबतो. खोलीत दहा मुलं सहज मावतात आणि त्या रिकाम्या जागांचा हिशेब मला दर महिन्याला दिसतो. पण मुलाला बालवाडीचा लळा लागत नाही, तो ताईचा लागतो. ती ताई वर्षाच्या मध्ये गेली तर त्या सहाजणांचं सगळं पहिल्यापासून. ह्यांच्या वर्कशॉपमध्ये चांगला टर्नर गेला की महिनाभर माल रिजेक्ट होतो, तेव्हा ते मला पहिल्यापासून बजावत होते की आधी माणूस टिकव. बऱ्याच ठिकाणी बालवाडीच्या शिक्षिकेला दहा महिन्यांचा पगार देऊन मे महिन्यात घरी बसवतात. आमच्याकडे बारा महिने पगार असतो. फीचा निम्म्याहून जास्त भाग त्यात जातो, म्हणून आमची फी आसपासच्यांपेक्षा जास्त आहे आणि स्नेहसंमेलनाला हॉल नाही.

पगारानं ताई टिकते, शांत राहतेच असं नाही. एका ताईच्या मुलाची बारावी बिघडली होती, त्या दिवसांत ती डब्याच्या वेळी फार चिडचिडायची. तेव्हापासून एक पद्धत पडली. कुणाचाही पारा चढायला लागला की तिनं म्हणायचं, ‘मी पाणी पिऊन येते.’ दुसरीनं तिची मुलं घ्यायची. का, कशासाठी, विचारायचं नाही. कधी पाणी दोन मिनिटांत पिऊन होतं, कधी पंधरा. मुलं गेल्यावर चहा घेताना ज्याला त्याला वाटलं तर सांगतं, आज कोणी डोकं उठवलं. मालकीण म्हणून माझं निम्मं काम त्या चहाला बसणं हेच आहे, आणि मीही अधूनमधून पाणी पिऊन येते.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवला की अजून पोटात गोळा येतो. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद, दूध नाही, पंपिंग स्टेशनं बुडाल्यामुळे नळाला पाणी नाही. राजारामपुरी उंचावर म्हणून आम्ही कोरडे, पण शाहूपुरीच्या खालच्या अंगाची, दुधाळीकडची काही मुलं आमच्याकडे होती. पुन्हा सुरू झाल्यावर ती वाळूच्या हौदात एकच खेळ खेळायची. पाणी ओतायचं, घरं बुडवायची, गाड्या बुडवायच्या, एक प्लॅस्टिकची म्हैस पुन्हा पुन्हा वर काढायची. बघणाऱ्या आया हवालदिल व्हायच्या, ‘मॅडम, हे खेळू देऊ नका.’ आम्ही दिलं. ताई फक्त शेजारी बसून म्हणायची, ‘म्हैस निघाली का वर? बरं झालं.’ हळूहळू हौदात पुन्हा चपात्या आणि लाडू व्हायला लागले. मोठ्यांना मात्र २०२१ च्या जुलैत पाणी आणखी चढलं तेव्हा तेच सगळं परत सोसावं लागलं, आणि त्यांच्यासाठी वाळूचा हौद कुठे होता?

कोरोनाबद्दल फार लिहीत नाही. फी थांबली, दोन ताया गेल्या, उरलेल्यांना काही महिने अर्धाच पगार देता आला. त्यानंतर आलेली मुलं वेगळी होती. घरातल्या चार माणसांपलीकडे कुणी पाहिलेलं नाही, दुसरं मूल जवळ आलं तरी अंग चोरायची. त्या वर्षी टाटाच्या खिडकीचा पाट घासून गुळगुळीत झाला.

मधल्या काळात एका कंपनीची माणसं फ्रँचायझीसाठी येऊन गेली. त्यांचा गणवेश, त्यांची किट, वर्षाअखेरी चार वर्षांच्या पोरांना काळा गाउन आणि चौकोनी टोपी. चहा पाजून पाठवलं. पालकांच्या मोबाइलवर कॅमेऱ्याचं थेट चित्रण द्या, ही मागणी दर वर्षी असते. कॅमेरे आहेत, रेकॉर्डिंग आहे, काही घडलं तर समोर बसून दाखवते. थेट देत नाही. ऑफिसमधून आई बघत असेल तर ताई मुलाला रडू देणार नाही, हातात बिस्कीट कोंबेल.

आता नवीन काम शिरोली एमआयडीसीत. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सक्तीची झाली. एका फौंड्रीच्या मालकांनी त्यासाठी विचारलं. खोली दिली आहे, ऑफिसच्या बाजूला, मशीन शॉपपासून लांब. खिडकी बुटकी करून घेतली. तिथं दीड वर्षाची मुलं येणार, म्हणजे एका ताईमागे चारच. मालकांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला की एका ताईत आठ बसतात. मी म्हटलं, बसतात. ताई एकच ठरलीय, दुसरी मिळेपर्यंत चार मुलांवर एकही घेणार नाही, हे त्यांना लेखी दिलंय. ते म्हणतात, ‘मॅडम, एक जूनला उद्घाटन ठरलंय, पाहुणे बोलावलेत.’ पाहुणे येऊ देत. मी रोज दोन-तीन जणींना भेटतेय, आणि प्रत्येकीला पहिला प्रश्न एकच विचारते : मूल तासभर रडलं तर तुम्ही काय कराल?