रांजणाची पाळी

गुढी उभारून झाली की पंचवटीतल्या आमच्या घरात दुसरं काम निघतं. जिन्याखालचा रांजण बाहेर काढायचा. आजोबांच्या वेळेपासूनचं हे. रामकुंडाकडे जाणारे यात्रेकरू ओट्यावर टेकायचे आणि पाणी मागायचे. आत-बाहेर करून वैतागलेली आजी एकदा म्हणाली, "त्यापेक्षा रांजणच ठेवा ना बाहेर." म्हणजे आमच्या घराण्याच्या समाजसेवेचा उगम आजीच्या गुडघेदुखीत आहे.

रांजण ठेवला की पुण्य आपोआप लागतं, असं काही नसतं. पहाटे तळाचं पाणी झाडांना घालायचं, खांद्यापर्यंत हात आत घालून काथ्याने घासायचं (शेवाळ भारी चिवट), मग फडक्यातून गाळून भरायचं आणि वाळ्याची जुडी सोडायची. साबण अजिबात नाही, माती तो पिते. चैत्रातल्या एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघतात, त्या दिवशी तर भरता भरता हात भरून येतात. "आज कुणाची पाळी?" यावरून आमच्याकडे जेवढी भांडणं झाली, तेवढी घराच्या वाटणीवरूनही झाली नाहीत.

आजोबा गेले त्या वर्षी काकांनी हौसेने रांजणाला निळा ऑइलपेंट दिला आणि वर पांढऱ्या अक्षरांत आजोबांचं नाव, 'यांच्या स्मरणार्थ'. दिसायला झकास, पण पाणी काही गार होईना. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, वाऱ्याने उडतं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. काकांनी ती छिद्रंच बुजवली होती. एक आजीबाई घोट घेऊन म्हणाल्या, "स्मरणार्थ आहे ते ठीक, पण पाणी तापलंय हो." बाबा त्याच संध्याकाळी नवा, कोरा रांजण घेऊन आले. निळ्यात आता परसात अळू लावलाय, तो मात्र मस्त फोफावलाय.

२०१६ च्या उन्हाळ्यात रामकुंडच कोरडं पडलं. घाटावरच्या लोकांचे चेहरे बघवत नव्हते. नळाला पाणीकपात, आमच्या आंघोळी अर्ध्या बादलीत, आणि आई मात्र पिंपातल्या मोजून दोन कळशा बाहेर नेऊन ओतायची. मला तेव्हा तो वेडेपणा वाटला होता. थोडा अजूनही वाटतो.

बाबांचा खांदा धरल्यापासून पाळी कायमची माझ्याकडे आली. यात्रेकरूंच्या हातात आता सीलबंद बाटल्या असतात, म्हणून यंदा रांजण नको, असं मी घरात सुचवूनही पाहिलं. बाबांनी नुसतं पेपरातून वर बघितलं. मी रांजण काढला.

तर आता पार्सलं पोचवणारी पोरं येतात. हेल्मेट काढतात, ओंजळभर पाणी तोंडावर मारतात, बाटल्या भरून घेतात. परवा त्यातला एक पाणी पिऊन रेंगाळला. मला वाटलं, आता दोन गोड शब्द बोलणार.

"काका, वाळा जरा कमी टाका. अत्तर प्यायल्यासारखं वाटतं."

आज पहाटे जुडीतल्या निम्म्या काड्या काढून ठेवल्या.